एआयने बनवलेली चित्रं धंद्यासाठी वापरताना: आमच्याकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळला आमचं डिझाईन आणि छपाईचं छोटं दुकान आहे. आंब्याच्या पेट्यांची लेबलं, कोकम सरबताचे स्टिकर, काजूची पाकिटं, होमस्टेची माहितीपत्रकं, जत्रेचे फ्लेक्स असं काम असतं. गेल्या काही हंगामांत गिऱ्हाईक चित्र सोबतच घेऊन येतं, मोबाईलवर बनवलेलं. आणि पाठोपाठ प्रश्न येतो: "हे छापलं तर चालेल ना?" वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या लोकांनी व्हॉट्सअॅपवर आणि काउंटरवर पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मोठ्या रकमेचा करार असेल तर वकिलाला दाखवाच. रोजच्या कामाला मात्र एवढं माहीत असलंच पाहिजे.

१. एआयने बनवलेलं चित्र धंद्यासाठी वापरता येतं का?

बहुतेक वेळा येतं. पण दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. वापरायची परवानगी ही एक, आणि दुसऱ्याला अडवायचा हक्क ही दुसरी. रानातल्या रायवळाचे पडलेले आंबे वेचायला तुम्हाला कोणी अडवत नाही. पण दुसरा कोणी वेचायला आला तर त्यालाही तुम्ही अडवू शकत नाही. एआयचं चित्र बरंचसं असंच असतं. परवानगी देते ती ॲप बनवणारी कंपनी, तिच्या अटींमधून (प्रश्न २). अडवायचा हक्क मिळतो तो कायद्यातून, आणि तिथे गोष्ट अवघड होते (प्रश्न ४). आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक ह्या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे झालेल्या आहेत.

२. फुकटच्या ॲपवर बनवलेलं चित्र पेटीवर छापलं तर?

ॲपप्रमाणे उत्तर बदलतं, म्हणून "फुकट आहे म्हणजे चालतं" किंवा "फुकट आहे म्हणजे चालत नाही" असं कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

चॅटजीपीटीची कंपनी ओपनएआय तयार झालेल्या चित्रावरचे आपले हक्क वापरणाऱ्याला देते. पण तसंच चित्र दुसऱ्या कोणालाही मिळू शकतं, हेही त्यांच्या अटींत लिहिलेलं आहे. मिडजर्नीला पैसे भरावे लागतात. वर्षाची उलाढाल १० लाख डॉलरच्या वर असलेल्या कंपनीला तिथला वरचा प्लॅन घ्यावाच लागतो. आपल्याकडच्या बागायतदाराला ती अट सहसा लागत नाही, निर्यातदाराला लागू शकते. मिडजर्नीवर बनवलेलं चित्र साध्या प्लॅनमध्ये सगळ्यांना दिसतं, हेही लक्षात असू द्या. नव्या ब्रँडचं लेबल गुपचूप करायचं असेल तर ती जागा नव्हे. अॅडोबी फायरफ्लाय परवाना घेतलेल्या आणि कॉपीराइट संपलेल्या चित्रांवर शिकवलेलं आहे असं कंपनी सांगते. त्यातलं जे 'बीटा' (अजून चाचणीत असलेलं) म्हणून दिलेलं असतं त्याच्या अटी मात्र वेगळ्या वाचाव्या.

गाणी आणि आवाजाच्या बाबतीत जास्त जपा. सुनोच्या फुकट प्लॅनवर केलेलं गाणं धंद्यासाठी वापरता येत नाही. इलेव्हनलॅब्सच्या फुकट प्लॅनवर केलेला आवाजही नाही. होमस्टेच्या रीलमागे असं गाणं टाकलेलं मी बऱ्याचदा पाहतो.

ज्या दिवशी चित्र बनवलं त्या दिवशीच्या अटींचं पान पीडीएफ करून ठेवा. ह्या कंपन्या अटी बदलत असतात.

३. आधी फुकटात बनवलं, आता पैसे भरले. जुनं चालेल का?

सुनोच्या बाबतीत चालत नाही. पैसे भरण्याआधीच्या गाण्यांना मागून परवानगी लागू होत नाही. बाकीच्या ॲपमध्येही तेच गृहीत धरा आणि पैसे भरल्यावर काम नव्याने करून घ्या. तासाभराचं काम असतं.

४. मग चित्राचा मालक कोण? आपला कायदा काय म्हणतो?

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. १९९४च्या दुरुस्तीने त्यात एक वाक्य आलं: संगणकाने तयार केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती. वाचताना वाटतं, प्रश्न सुटला. पण ते वाक्य लिहिलं गेलं तेव्हा चार शब्द टाकले की चित्र देणारी यंत्रं नव्हती. शिवाय कॉपीराइट मिळायला कलाकृतीत माणसाच्या कौशल्याचा आणि निवडीचा थोडा तरी अंश हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं. "हापूस आंब्याची टोपली, मागे समुद्र" एवढ्या ओळीत तो अंश किती?

'सूर्यास्त' नावाच्या चित्राचं उदाहरण बघा. २०२०मध्ये त्याची नोंदणी झाली तेव्हा माणसासोबत 'राघव' नावाच्या एआय ॲपलाही सहकर्ता म्हणून धरलं गेलं. २०२१मध्ये कॉपीराइट कार्यालयानेच ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. म्हणजे हातात सर्टिफिकेट आलं म्हणून निश्चिंत व्हावं असं नाही.

बाहेरच्या देशांतही एकमत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५च्या अहवालात सांगितलं की नुसत्या प्रॉम्प्टवर, म्हणजे ॲपला टाइप केलेल्या सूचनेवर, हक्क मिळत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही कर्ता माणूसच हवा असा निकाल दिला. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने मात्र नोव्हेंबर २०२३मध्ये उलट बाजू घेतली. वापरणाऱ्याने प्रॉम्प्ट आणि सेटिंग बदलत बरीच मेहनत घेतली होती म्हणून त्याला हक्क दिला. माल बाहेर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझा सल्ला: नुसत्या एआय चित्रावर आपला हक्क नाही असं धरूनच चाला. मग जे करायचं ते आपोआप नीट होतं.

५. दुसऱ्या बागायतदाराच्या पेटीवर हुबेहूब माझंच चित्र आहे. त्याच्यावर केस करू का?

आधी बघा की त्याने उचललंय की त्यालाही तेच मिळालंय. एका हंगामात आमच्याकडे दोन गिऱ्हाइकं आली, एक देवगडचं, एक मालवणकडचं. एकमेकांची तोंडओळखही नाही. दोघांच्या मोबाईलवर तीच टोपली, तसाच सूर्य, डाव्या कोपऱ्यात तसाच वाकलेला माड. दोघांनी जवळजवळ एकच ओळ टाइप केली होती. कोणी कोणाची चोरी केली नव्हती. पण वाशीच्या बाजारात दोघांच्या पेट्या शेजारी लागल्या असत्या तर घेणाऱ्याला कोणती कोणाची हे कळलं नसतं. एकाच्या लेबलवर आम्ही त्याच्या घराच्या पडवीचा फोटो घातला, दुसऱ्याचं सगळं रेखाटून घेतलं.

खरोखर उचललं असेल तर नुसत्या चित्राच्या कॉपीराइटवर भिस्त ठेवू नका, कारण प्रश्न ४. तुमचं नाव, रंगसंगती, मांडणी मिळून गिऱ्हाईक फसत असेल, तर ट्रेडमार्कची नोंदणी नसतानाही दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवल्याचा दावा करता येतो. त्यासाठी तुम्ही किती वर्षं ते लेबल वापरताय ह्याचे पुरावे लागतात: छपाईची बिलं, जुन्या पेट्यांचे फोटो, आडतीच्या पावत्या. नोंदणी असेल तर काम सोपं होतं (प्रश्न ७).

६. चित्रात माझं किती काम असलं की ते माझं म्हणता येईल?

मोजपट्टी कोणाकडेच नाही. दिशा मात्र कळते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३मध्ये मिडजर्नीने काढलेल्या चित्रांच्या एका कॉमिक पुस्तकाबाबत निर्णय झाला. लेखिकेने लिहिलेला मजकूर आणि चित्रांची तिने केलेली निवड व मांडणी ह्यांना हक्क मिळाला, सुट्या चित्रांना मिळाला नाही. आपल्याकडच्या न्यायालयावर तो बंधनकारक नाही, पण विचार करायला उपयोगी आहे.

आमच्या दुकानात एक लेबल असं झालं. गिऱ्हाइकाने आपल्या आढीतल्या आंब्यांचा मोबाईलवर फोटो काढला, पेंढ्यावर ठेवलेले चार आंबे. पार्श्वभूमीचं आभाळ एआयने करून घेतलं. ब्रँडचं नाव त्याच्या वडिलांच्या अक्षरात, बोरूने कागदावर लिहून स्कॅन केलेलं. आंब्यांच्या कडा आम्ही हाताने कापल्या, रंग जुळवले, खाली बागेचा नकाशा रेखाटला. ह्या लेबलात आभाळ सोडून सगळं माणसाचं आहे, आणि कोणी नक्कल केली तर ते दाखवता येतं. लेयर असलेली (प्रत्येक भाग वेगळा ठेवलेली) मूळ फाइल आम्ही त्याला पेन ड्राइव्हवर दिली आहे. तुमचा डिझायनर नुसता जेपीईजी देत असेल तर मूळ फाइल मागून घ्या.

७. लोगो एआयने केला. ट्रेडमार्क मिळेल का?

मिळू शकतो. ट्रेडमार्कमध्ये चित्र कोणी काढलं हा मुख्य मुद्दा नसतो. ते तुमचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू देतं का, आणि आधी नोंदलेल्या चिन्हासारखं आहे का, हे पाहिलं जातं. नोंदणी मालाच्या किंवा सेवेच्या ठरलेल्या वर्गांप्रमाणे होते: ताजा आंबा ३१व्या वर्गात येतो, लोणचं २९व्या, सरबत ३२व्या आणि होमस्टेची सेवा ४३व्या वर्गात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते.

अडचणी दोन. कॅनव्हा ह्या डिझाईनच्या ॲपमधल्या तयार चित्रांचे तुकडे लोगोत असतील तर त्यांच्या अटींप्रमाणे त्याचा ट्रेडमार्क घेता येत नाही. एआयने केलेला भाग वेगळा आणि तिथलं तयार चित्र वेगळं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. दुसरं म्हणजे एआय बऱ्याचदा प्रसिद्ध लोगोंच्या जवळ जाणारं काहीतरी देतं. अर्ज करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या, तो फुकट आहे.

लेबलच्या कलाकृतीची कॉपीराइट नोंदणीही हवी असेल तर मालावर वापरायच्या चित्राला फी २,००० रुपये आहे, आणि त्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्या अर्जात एआयचा भाग लपवू नका. प्रश्न ४मधली 'सूर्यास्त'ची गोष्ट आठवा.

८. होमस्टेचे फोटो एआयने "जरा सुधारून" घेतले तर काय हरकत?

उजेड वाढवला, वाकडा फोटो सरळ केला, आरशात दिसणारा तुमचा हात काढला, ह्यात काही वावगं नाही. खोलीच्या खिडकीत समुद्र घातला की मात्र तुम्ही गिऱ्हाइकाला नसलेली गोष्ट विकताय.

तारकर्लीकडच्या एका घरमालकांचं माहितीपत्रक आम्ही छापलं होतं. फोटो त्यांनीच दिले, आम्ही काही विचारलं नाही. त्यात अंगणाच्या कडेला वाळू आणि लाटा होत्या. प्रत्यक्षात घरापासून किनारा पंधरा मिनिटांच्या चालण्यावर. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून एक कुटुंब आलं, म्हातारी आई सोबत. तिला चालवत नव्हतं, म्हणूनच "अंगणातून समुद्र" बघून त्यांनी ते घर निवडलं होतं. ती बाई संध्याकाळभर पडवीत बसून माडांकडे बघत होती, हे घरमालकांनीच मला नंतर सांगितलं, सांगताना त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी पैसे परत केले. तेव्हापासून जागेचा फोटो आला की आम्ही विचारतो: हे तिथे उभं राहिल्यावर दिसतं का? नाही म्हणाले तर छापत नाही.

कायदाही ह्याच बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जून २०२२मध्ये ह्यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली. चित्राचा परवाना तुमच्याकडे असला तरी खोट्या चित्राला तो वाचवत नाही.

९. आंब्याचं चित्र तर आंब्याचंच आहे. त्यात काय दिशाभूल?

मोबाईलवर "पिकलेला आंबा" म्हणून चित्र मागवा आणि नीट बघा. बहुतेक वेळा एका गालावर लालभडक रंग येतो, परदेशी दुकानांत मिळणाऱ्या आंब्यासारखा. टोकाला कधी चोचही असते. हापूसचं पिकलेलं फळ सोनेरी पिवळं असतं, उन्हाच्या बाजूला देठाकडे केशरी झाक येते, चोच नसते. एका बागायतदार आजोबांना त्यांच्या मुलाने आणलेलं लेबल दाखवलं तर त्यांनी चष्मा वर करून एवढंच म्हटलं, "हो आंबो आपलो न्हय." मुलाने तिथेच चित्र बदलायला सांगितलं.

हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या जिल्ह्यांसाठी. कोकणाबाहेरचा आंबा "हापूस" म्हणून खपतो ह्याबद्दल आपण सगळेच बोलतो. मग आपल्याच पेटीवर दुसऱ्याच जातीचं चित्र कशाला? मानांकनाचं बोधचिन्ह वापरायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. एआयने कधीकधी असं चिन्ह, एगमार्क किंवा सेंद्रिय मालाचा शिक्काही चित्रात आपणहून काढून ठेवलेला असतो. मोठं करून बघा आणि काढून टाका. खाद्यपदार्थाच्या लेबलवर फसवं चित्र असेल तर अन्नसुरक्षा कायदा २००६खालीही १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

होड्यांचंही तेच. एआयला मच्छीमाराची होडी मागितली की युरोपातली वल्ह्याची नाव येते किंवा केरळची. उलांडी (तोल राखायला बाजूला बांधलेलं लाकूड) असलेली होडी मी अजून एकदाही नीट आलेली पाहिली नाही. शेवटी आम्ही स्वतः बंदरावर जाऊन फोटो काढतो.

१०. चित्रावर "एआयने बनवले" असं लिहावंच लागतं का?

इंटरनेटवर टाकणार असाल तर त्याचे नियम आता आहेत. माहिती तंत्रज्ञान नियमांतली दुरुस्ती १० फेब्रुवारी २०२६ला अधिसूचित झाली आणि २० फेब्रुवारीपासून लागू आहे. खऱ्यासारखं भासणारं कृत्रिम चित्र, आवाज किंवा व्हिडिओ असेल तर त्यावर ठळक लेबल असावं ही जबाबदारी मुख्यतः फेसबुक-यूट्यूबसारख्या मंचांवर आहे. मोठे मंच अपलोड करताना तुमच्याकडून तसं जाहीर करून घेतात. तिथे खोटं सांगू नका. रंग सुधारणे, फोटो सरळ करणे अशा साध्या संपादनाला हे लागू नाही.

पेटीवर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापताना असं लिहिण्याची सक्ती ह्या नियमांत नाही. पण माणसाचा चेहरा किंवा जागा दाखवत असाल तर लिहा, असं माझं मत आहे. लहान अक्षरांत एक ओळ पुरते.

११. पेटीवर शिवाजी महाराज आणि मागे सिंधुदुर्ग किल्ला, असं चित्र एआयने छान दिलंय. छापू का?

हा प्रश्न फार येतो आणि त्यामागची भावना मला कळते. पण नाही. १९५०चा बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र स्पष्ट लिहिलेलं आहे, महात्मा गांधींच्या शेजारी. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही, ट्रेडमार्कमध्येही नाही. सवलत आहे ती फक्त कॅलेंडरला, तीही त्यावर केवळ बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी नसेल तर. राष्ट्रध्वज आणि पंतप्रधानांचं चित्रही ह्याच यादीत आहे. चित्र कॅमेऱ्याने काढलं, कुंचल्याने की एआयने, ह्याने फरक पडत नाही.

एकट्या किल्ल्याचं चित्र ह्या यादीत येत नाही. पण एआयचा सिंधुदुर्ग बघा एकदा: बुरुज राजस्थानी, दरवाजा समोरच उघडा. खऱ्या किल्ल्याचा महादरवाजा बुरुजांच्या वळणात दडलेला आहे, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. दर वर्षी हजारो माणसं होडीने तिथे जातात, त्यांना चूक लगेच कळते.

१२. नटाचा चेहरा किंवा गायिकेसारखा आवाज वापरला तर? आणि साध्या माणसाचा?

प्रसिद्ध माणसाचा विचारसुद्धा करू नका. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने आदेश दिला, एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध. २०२५मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाबाबतही तसाच आदेश झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज आणि लकबीसुद्धा संरक्षित केल्या. "आशाताईंसारख्या आवाजात आमच्या कोकमाची जिंगल" अशी मागणी आली की आम्ही हे सांगतो.

साध्या माणसाबद्दल लोक कमी विचार करतात, आणि मला तेच जास्त खुपतं. बाजारात मासे विकणाऱ्या बाईचा फोटो काढायचा, एआयने तिला तरुण करायचं, नथ घालायची आणि मसाल्याच्या पाकिटावर छापायचं. तिला विचारलं का? तिची लेखी संमती घ्या, पैसे द्या, छापलेलं पाकीट तिच्या हातात द्या. संपूर्ण बनावट चेहरा असेल तर संमतीचा प्रश्न येत नाही, पण तो गावातल्या कोणासारखा दिसत नाही ना हे चार जणांना दाखवून घ्या.

१३. वारली किंवा चित्रकथी शैलीत एआयकडून काढून घेतलं तर?

शैलीवर कोणाचा कॉपीराइट नसतो, म्हणून कॉपीराइटचा अडसर सहसा येत नाही. पण वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. एआयच्या चित्राला "अस्सल वारली चित्र" म्हणून विकलं तर तुम्ही थेट अडचणीत येता. सजावटीपुरती नक्षी वापरणं आणि "वारली" म्हणून विकणं ह्यातली रेघ ओलांडू नका.

कायद्यापलीकडचंही सांगतो. पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ती परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. एआयची "चित्रकथी" बघितली तर डोळे मोठे आणि रंग भडक एवढंच त्यात सापडतं. कथा कोणती, पात्र कोणतं, कोण कोणाकडे बघतंय, काहीच नाही. रिसॉर्टच्या भिंतीसाठी चित्र हवं असेल तर पिंगुळीला जा. खरं चित्र मिळेल, आणि वापरायची परवानगीही समोरासमोर लिहून घेता येईल (प्रश्न १६).

१४. "अमुक चित्रकाराच्या शैलीत" असा प्रॉम्प्ट चालतो का?

शैलीला हक्क नाही, विशिष्ट चित्राला आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. राजा रविवर्मा १९०६मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये टाकू नका. येणारं चित्र त्याच्या एखाद्या खऱ्या चित्राच्या फार जवळ गेलं तर तुम्ही जबाबदार.

१५. एआय कंपनीने दुसऱ्यांची चित्रं न विचारता वापरली असतील तर उद्या नोटीस मला येईल का?

शिकवण्याबद्दलचे खटले कंपन्यांवर चालू आहेत. वृत्तसंस्था एएनआयने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. लंडनमध्ये गेटी इमेजेस विरुद्ध स्टॅबिलिटी एआयचा निकाल ४ नोव्हेंबर २०२५ला लागला. तिथे गेटीचा कॉपीराइटचा मुद्दा टिकला नाही, पण काही चित्रांत गेटीचा वॉटरमार्क उमटला होता त्याबद्दल ट्रेडमार्कचा भंग मर्यादित प्रमाणात मान्य झाला.

तुमच्या पेटीपर्यंत ही गोष्ट पोचते ती वेगळ्या वाटेने: आलेलं चित्रच कोणाच्या तरी चित्राची नक्कल निघालं तर. म्हणून छापण्याआधी गूगल लेन्सवर टाकून बघा. जवळचं काही सापडलं तर सोडून द्या. नुकसानभरपाईची हमी काही कंपन्या देतात, पण सहसा मोठ्या व्यावसायिक प्लॅनवर.

१६. डिझायनरने एआय वापरून काम केलं. त्याच्याकडून काय लिहून घ्यावं?

तोंडी बोलणं पुरत नाही. कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सहीसकटच लागतं. आणि मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. आखातात पेट्या पाठवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आम्ही बिलामागे असा मजकूर छापतो: "ह्या कामातील मानवनिर्मित सर्व भागांचे हक्क जगभरासाठी व कायद्याने शक्य त्या पूर्ण मुदतीसाठी ग्राहकाकडे हस्तांतरित केले आहेत. पुढील भाग एआयने तयार केले आहेत: ... (ॲप, प्लॅन, तारीख). ह्या भागांवर एकाधिकाराची हमी नाही." खाली दोघांच्या सह्या. डिझायनर एआयचा भाग सांगायला तयार नसेल तर काम दुसरीकडे न्या.

१७. एआयची चित्रं ऑनलाइन विकता येतील का?

अॅडोबी स्टॉक एआयचं आहे असं नमूद करून घेतं. शटरस्टॉक आणि गेटी बाहेरून आलेली एआय चित्रं घेत नाहीत. ॲमेझॉनवर पुस्तक काढताना एआयने तयार केलेला मजकूर किंवा चित्रं असतील तर तसं कंपनीला सांगावं लागतं. किनाऱ्यावर पोस्टकार्ड विकायची असतील तर प्रश्न ८ आणि ११ वाचा.

१८. कोणते कागद जपून ठेवायचे?

प्रॉम्प्ट, तारीख, प्लॅनची पावती, त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ, लेयरची फाइल, माणसांच्या संमतीचे कागद. मूळ चित्र ॲपमधून थेट संगणकावर उतरवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीत त्यातली लपलेली माहिती गळून जाते.

१९. दोन हजार खोके छापून झाले, आणि आता कळलं की चित्र परवानगी नसलेल्या प्लॅनवर केलं होतं. काय करू?

आधी त्या दिवशीच्या अटी शोधा, जुनी आवृत्ती कंपनीच्या पानावर बऱ्याचदा मिळते. खरोखर मनाई असेल तर कंपनीच्या मदत कक्षाला सरळ लिहा: काय वापरलं, किती छापलं, आता पैसे भरायची तयारी आहे. उत्तर लेखीच घ्या. ते येईपर्यंत उरलेले खोके बाजारात पाठवू नका. चित्राच्या मापाचा स्टिकर छापून वर लावता येतो. एका गिऱ्हाइकासाठी आम्ही एप्रिलच्या ऐन गडबडीत एका रात्रीत तो छापून दिला. त्याच्या घरच्या पाच जणांनी अंगणात बसून पहाटेपर्यंत ते लावले, आणि सकाळच्या टेम्पोने आंबे मुंबईला गेले.